न घोरणाऱ्यांची वसाहत

“सर, तुमचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या अख्ख्या वसाहतीत एकही माणूस घोरत नाही!”

हे वाक्य भिंगरीनं आरशासमोर कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं. आरशाला ते पटलं होतं. परीक्षक सरांना पटलं नाही. त्यांनी प्रकल्पाचं पान उलटलं, सुलटलं, उजेडात धरून पाहिलं आणि मग भिंगरीकडे संशयानं पाहिलं.

“साठ घरं हिंडलीस?”

“हो सर. एकटं कोणी राहतं ती घरं सोडून.”

“आणि घोरणारे शून्य?”

“त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, सर.”

शेजारच्या खुर्चीतल्या परीक्षक मॅडमनी भलीमोठी जांभई दिली. दुसऱ्या कॉलेजातून एकाच गाडीनं आलेली ही जोडगोळी. सर प्रश्न विचारत होते, मॅडम सकाळपासून जांभया देत होत्या. समोर चहाचे रिकामे कप जमले होते. डोळे सुजलेले. सरांचा चष्मा कुठं सापडेना, तेव्हा तेवढ्यापुरत्या जाग्या होऊन मॅडमनी तो आपल्या पर्समधून काढून दिला होता आणि पुन्हा पेंगायला लागल्या होत्या. ‘माझा प्रकल्प इतका रटाळ आहे?’ भिंगरीला वाटलं.

सरांच्या संशयाला कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी एका महाभागानं आपलं सर्वेक्षण कँटीनमध्ये बसून, दोन सामोशांत उरकलं होतं. त्याच्या अहवालात तीन पुरुष बाळंत झाले होते. तेव्हापासून फर्मान निघालं: आकडे मनचे निघाले, तर शून्य. आणि या विषयात शून्य म्हणजे सगळं वर्ष पुन्हा.

भिंगरीचे आकडे मात्र दारोदार हिंडून आणलेले. चपलेचा अंगठा त्यात शहीद झाला होता. पहिल्याच दारात काका म्हणाले, “मी? कुशीवर झोपणारा माणूस कधी घोरतो का?” आतून काकू ओरडल्या, “दोन्ही कुशींवर घोरतात गं! अलार्मची गरज नाही आम्हाला.” काका गरजले, “आणि ही घोरते तेव्हा पडदे आत-बाहेर होतात, ते लिही!” तळमजल्यावरच्या शिंप्याची तऱ्हा तर विचारूच नका. तो झोपला, की मांडणीवरची भांडी म्हणे रात्रभरात वीतभर पुढं सरकत. त्याची आई रोज सकाळी ती मागं ढकलायची आणि मगच चहाचं आधण ठेवायची. शिंपी म्हणाला, “भूकंप होत असेल.”

घरीही तेच. “मी घोरत नाही,” बाबा म्हणाले, “डोळे मिटून विचार करतो.”

“एवढ्या मोठ्यानं?” आईनं विचारलं.

पण हे सगळं सरांपुढं सांगायचं कसं? सर पेनाचं टोपण काढत होते. पेन लाल होतं.

“हे बघ पोरी,” ते म्हणाले, “खरे आकडे शाळा सुटलेल्या पोरांसारखे असतात. एका रांगेत चालत नाहीत. सगळे एका सुरात बोलायला लागले, की समजावं, एकाच माणसानं सगळ्यांचे आवाज काढलेत.”

“सर, दुसरा प्रश्न बघा ना. ‘तुमच्या घरात दुसरं कोणी घोरतं का?’”

सरांनी पाहिलं. “सगळ्यांचं हो! वा! म्हणजे एक थाप पचावी म्हणून वर दुसरी.”

“थाप नाही सर! तोच तर माझा निष्कर्ष आहे.” भिंगरी एका दमात सुटली. “घोरणारा झोपलेला असतो, त्याला काय कळणार? तो बिचारा प्रामाणिकपणे चुकीचं सांगतो. म्हणून ज्याचं त्याला विचारायचंच नाही. शेजारी झोपणाऱ्याला विचारायचं.”

मॅडमची पुढची जांभई अर्ध्यावर अडली.

“तर्क बरा आहे,” सर म्हणाले, “पण माणसं इतकी एकजात बेखबर नसतात गं. स्वतःचं स्वतःला कळतंच की.” आणि त्यांनी लाल पेनाचं टोक मार्कांच्या चौकटीत टेकवलं. तिथं एक गोल उमटायला सुरुवात झाली. अर्धा झालासुद्धा.

भिंगरीला सगळं वर्ष त्या गोलात बुडताना दिसलं. बुडत्याला कसला आलाय भिडस्तपणा?

“सर, एक विचारू? तुम्ही घोरता का?”

पेन थांबलं. वर्गाबाहेर नंबर लावून बसलेली पोरं दाराच्या फटीशी गोळा झाली. सर खुर्चीत मागं रेलले, हसले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, “मी? अजिबात नाही! माझी झोप अशी, की शेजारच्याला पत्ताही लागत नाही.”

चहाचा कप बशीत दाणकन आदळला. सकाळपासून मिटू मिटू झालेले मॅडमचे डोळे आता सताड उघडे होते.

“अहो, किती ते धडधडीत खोटं! काल रात्री उशी घेऊन स्वयंपाकघरात जाऊन झोपले मी, तिथंही ऐकू येत होतं. खोडा तो गोल आणि पूर्ण मार्क द्या पोरीला!”