खारट केळं

काठीवर लावलेला पिठाचा गोळा करपून कोळसा झाला, त्याचा वास स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आला आणि आत्याच्या हातातलं भांडं तसंच सिंकमध्ये पडलं. ती तरातरा मागच्या अंगणात गेली. पाहते तर भाऊ शेकोटीला खेटून बसलेला, दोन्ही पोरं त्याच्या आजूबाजूला, आणि काठीच्या टोकाला नुसता धूर. कुणाचं म्हणून तिकडे लक्ष नव्हतं.

"अरे, जळतंय ते," ती म्हणाली.

"हो की," भाऊ वळून पाहत म्हणाला आणि त्याने काठी शांतपणे बादलीत बुडवली. "बोलण्याच्या नादात राहिलं गं, ताई."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. या पोरांनी आज उच्छाद मांडला होता. दुपारपासून एकच धोशा, बाबांबरोबर शेकोटीवर खाऊ करायचा. उद्या करा, परवा करा, काही ऐकायला तयार नाहीत. वहिनी नर्स, तिची नेमकी आज दुपारची पाळी, म्हणून तर आत्या आपलं शिवणकाम गुंडाळून पोरांना सांभाळायला आली होती. भावाने घटकाभर पाठ टेकावी, लवकर झोपावं, एवढाच तिचा हेतू. त्यावर या दोघांनी पाणी फिरवलं होतं.

उद्या सकाळी भावाची परीक्षा होती. मोठ्या हॉटेलात मुख्य आचाऱ्याची जागा निघाली होती. मालक म्हणे समोर वाट्या मांडतो, कशात सूप, कशात सॉस, आणि एकेक चमचा चाखून कशात काय कमी, काय जास्त ते उमेदवाराने सांगायचं. हिवाळ्यातल्या आजारपणात भावाची आधीची नोकरी गेली, तेव्हापासून घर वहिनीच्या एकटीच्या पगारावर रेटत होतं. ही जागा हुकली तर हे घरही सोडावं लागणार होतं. पण चाखण्याची काळजी आत्याला मुळीच नव्हती. पाणी कुठल्या भांड्यात उकळलंय तेही लहानपणी हा पोरगा एका घोटात सांगायचा. तिला काळजी होती ती त्याच्या झोपेची.

इकडे पोरांनी केळी घेतली. थोरलीने सालासकट उभी चीर दिली, आत चॉकलेटचे तुकडे खोचले. धाकट्याने बरणीतून मूठभर साखर ओतली. मग सगळं चांदीच्या कागदात गुंडाळून निखाऱ्यांत ढकललं. भाऊ मजेत शिकवत होता, कागद फुगू दे, साल काळी पडली की समजा झालं, घाई नको. पोरं मान डोलवत होती, पण दोघांचे डोळे केळ्यापेक्षा बापावरच जास्त.

आचाऱ्याचं घर, तेव्हा पहिला घास कायम त्याचा. त्याने चाखून मान हलवल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही, हा शिरस्ता पोरांनाही पाठ होता. भावाने चमचाभर गर तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाला, "वा. फक्कड झालंय."

मग आत्याने आपला चमचा तोंडात घातला आणि तिथल्या तिथे गवतात थुंकली. मीठ होतं ते. नुसतं मीठ.

तिने भावाकडे पाहिलं. तो मात्र दुसरा चमचा भरत होता. पोरांचं मन मोडू नये म्हणून हा बाबा विषसुद्धा गोड मानून घेईल, तिला वाटलं, आणि तिचं डोकंच फिरलं. बरं, बापाला फसवलं तर कार्ट्यांनी निदान फिदीफिदी हसावं. तेही नाही. थोरलीने धाकट्याकडे नुसतं पाहिलं आणि दुसरं केळं घेतलं.

या वेळी आत्या डोळ्यांत तेल घालून बसली होती. थोरलीने फ्रॉकच्या खिशातून लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या काढल्या आणि चॉकलेटखाली दाबल्या. आत्या उठून तिथे पोचेपर्यंत केळं निखाऱ्यांत गेलं होतं, आणि ती काही बोलणार तोच भावाने तिला हातानेच थांबवलं. पोरांनी हौसेने केलंय, करू दे, म्हणाला. कागद उघडल्यावर लसणाचा असा भपकारा आला की आत्याने पदर नाकाला लावला.

भावाने मोठा घास घेतला. थोरली श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हे तर आधीच्यापेक्षा सरस," तो म्हणाला.

"तू ना, पोरांना पार डोक्यावर चढवून ठेवलंयस," आत्या कडाडली. भाऊ कसनुसा हसला. तेवढ्यात आत फोन वाजला. वहिनीचा असणार म्हणून तो उठून गेला, आणि आत्याला आयती संधी मिळाली. तिने दोघांना दंडाला धरून समोर उभं केलं. गेले कित्येक महिने तुमच्या बापाने कशात काढलेत, तुमची आई कशी राबतेय, सगळं सगळं तिने ऐकवलं. घसा कोरडा पडेपर्यंत बोलली.

"उद्या बाबांचं काय आहे, माहितीये ना?"

"माहितीये," थोरली म्हणाली.

"मग आजच कशी सुचली ही थेरं?"

थोरलीचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. धाकट्याने घराच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"आज नाही गं, आत्या. बाबा आजारातून उठले ना, तेव्हापासून आम्ही रोज त्यांच्या ताटात काहीतरी घालतो, आणि ते रोज छान म्हणतात."