बाकावरचा डबा

"तिसरं पोट! अहो, ऐकताय ना? देवाने आपल्याकडे तिसरं पोट पाठवलंय!"

नवरा बूट काढता काढता दचकला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि घरात पाळणा काही हलला नव्हता.

"तसं नव्हे हो!" शिवणबाईला हसू आवरेना. चर्चपासून घरापर्यंत तिने कसाबसा दम धरला होता. आता तिने ती चिठ्ठी त्याच्या नाकापुढे नाचवली.

त्यांच्या चर्चची रीतच होती. ज्याने त्याने आपली नड कागदावर लिहायची, नाव घालायचं नाही, आणि पेटीत टाकायची. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून पाळकबाई सगळ्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून काढायच्या. मग प्रत्येकाने एक उचलायची, त्या माणसासाठी प्रार्थना करायची आणि जमेल ती मदत चर्चमागच्या बाकावर ठेवून यायची. कोण नेतो ते बघायचं नाही, हा नियम मात्र कडक.

शिवणबाईच्या चिठ्ठीत होतं : काम सुटलंय. दुपारचं जेवण मिळावं. संध्याकाळचं भागतं.

"कोण असेल हो?"

नवऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "असेल कुणीतरी," म्हणत तो हात धुवायला गेला.

खरं तर तिच्याच घरात पिठाने डब्याचा तळ गाठला होता. कारखान्यात दुपारचं जेवण मिळतं, पण पगार लांबलाय, असं नवरा सांगत होता, आणि सगळी भिस्त तिच्या शिलाई मशीनवर. पण बाई कसली मागे हटते! सोमवारी अकराच्या ठोक्याला बाकावर भात आणि बटाट्याची भाजी. तीनला गेली तर डबा रिकामा, घासूनपुसून लख्ख. तिला गगन ठेंगणं झालं.

बुधवारपर्यंत तिने शोधही लावला.

"ऑर्गन वाजवणारे आजोबा! त्यांच्या शिकवण्या बंद पडल्यात. आणि बघा, गालावर कशी तुकतुकी आलीय."

"तीन दिवसांत?"

"माझ्या हातची चव आहे म्हटलं!"

नवरा हसला, मग गंभीर झाला. "डबा जरा कमी भर. तुझ्या ताटात काही उरतच नाही."

"म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढू? शोभतं का तुम्हाला?"

शुक्रवारी सगळंच संपलं. नवरा रोजच्यासारखा सातला बाहेर पडला आणि तिने फडताळ उघडलं, तर मूठभर मीठ. दहा वाजले. साडेदहा झाले. तिने रिकामा डबा ओट्यावर ठेवला आणि त्याच्यापुढेच गुडघे टेकले.

"बापा, मी उपाशी राहीन, माझं काही नाही. पण तो माणूस बाकाशी येईल आणि हात हलवत परत जाईल, ते मला सोसवणार नाही. तुझ्याच भरवशावर बसलेय, सांगून ठेवते!"

दार धाडधाड वाजलं. शाळेची स्वयंपाकीण! तिचे एप्रन हिच्याकडे दुरुस्तीला होते, आणि कमरेवर हे भलंमोठं पातेलं.

"अगं, अर्धी शाळा सहलीला गेलीय आणि मला कुणी सांगेल तर शपथ! एवढा भात घालू कुठे?"

शिवणबाईने तिला गच्च मिठीच मारली. अकराला पाच मिनिटं कमी असताना ती डबा घेऊन रस्त्याने अक्षरशः पळत होती. लोक बघत होते. बघेनात का!

पुढच्या रविवारी पाळकबाईंनी दारातच तिचा हात धरला. "तुझ्या माणसाची नवी चिठ्ठी पेटीत आली. तुला द्यायला म्हणून उतरवून ठेवलीय."

काम मिळालं. उद्यापासून डबा नको. रांधणाऱ्या हातांचं देव भलं करो.

ती तिथेच रडली, तिथेच हसली आणि धावत घरी आली. नवरा आधीच पोचून चहा टाकत होता.

"अहो, आजोबांना काम मिळालं! देवाने ऐकलं बघा!" मग ती खुर्चीत बसली आणि तिला एकदम चुकल्यासारखं वाटलं. "पण उद्या डबा कुणाला करू हो? मला करमायचंच नाही."

नवऱ्याने गॅस बंद केला. तिच्यासमोर येऊन त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"डबा कर," तो म्हणाला. "फक्त बाकावर ठेवू नकोस. सात वाजता माझ्या हातात दे."