येसाजीच्या जीपचे ब्रेक

मालोजी मिस्त्रीने खोक्यातून नवी चकती काढली आणि सगळ्यात आधी तिच्यावरचं तेल पुसून टाकलं. ओटीवर वाल सोलत बसलेल्या इंदूबाईचे हात थांबले.

अंगणात सायबाची परदेशी जीप उभी होती. चारी चाकांना इंजिनाचा जोर आणि पुढच्या चाकांना चकत्यांचे ब्रेक. त्या काळी अख्ख्या खालापुरात अशी गाडी दुसरी नव्हती. तिची ड्रायव्हरी मालोजीच्या मेव्हण्याला मिळायची होती, मिळाली इंदूबाईच्या नवऱ्याला, येसाजीला. आणि आता ब्रेक बदलायला आला होता तो हाच मालोजी. संध्याकाळी याच गाडीने येसाजीला लोणावळ्याहून सायबाला घेऊन बोरघाट उतरायचा होता.

"भावजी, नव्या वस्तूचं तेल कशाला काढता?"

"गंजू नये म्हणून लावून धाडतात, वैनी. ओशट राहिलं तर ब्रेक धरत नाय." मालोजीने मान वर केली नाही. "तुमी वाल सोला. दाणं टरफलात चाललेत."

जीपजवळ उभा असलेला येसाजी हसला. इंदूबाई नाही हसली.

मालोजीची सबब तयारच होती म्हणायची, तिच्या मनात आलं. तिचा बाप घाटात बैलगाडी हाकायचा. आखाला वंगण घातल्याशिवाय त्याने कधी खोपोली सोडली नाही. कोरडा आख कसा धुमसतो, ते तिने लहानपणी बघितलं होतं. चाकाचं तेल काढणारा माणूस ती आज पहिल्यांदाच बघत होती.

मालोजीने पेट्रोलच्या बोळ्याने चकती पुन्हा पुसली. एक बोल्ट आवळला, ढिला केला, परत आवळला. झिजलेले पॅड गुपचूप आपल्या पिशवीत टाकले.

"पिशवीत काय चाललं?"

"जुने पॅड. सायबाला दाखवायचे हायत. का, कालवणात टाकताय?"

तिने येसाजीला आत बोलावलं. "अवो, ह्यो डूख धरून हाय. मेव्हण्याचं विसरला नसंल."

"गप गं. तुला समदेच चोर दिसतात."

दुसरी चकतीही बसली. दोघे नाक्यावर चहा प्यायला गेले. इंदूबाई गाडी राखत मागे राहिली.

ते परतले तेव्हा दिवस कलला होता. मालोजीने घाईघाईने चाकं चढवली. येसाजीने पेडल दाबून बघितलं. "कडक हाय."

"थांब रं," मालोजी म्हणाला, "मी बी येतो. नवे ब्रेक हायत, घाट माझ्यासमोर उतर." आणि तो येसाजीच्या शेजारी जाऊन बसला.

इंदूबाई बघतच राहिली. दगा करणारा स्वतः त्याच गाडीत बसेल? मेव्हण्याच्या नोकरीसाठी कोणी जीव देतं? तिला ओशाळल्यासारखं झालं.

"भावजी, वालाचं बिरडं करते. परत आल्यावर जेवूनच जा."

"टरफलं काढून करा म्हंजे झालं!"

जीप खोपोलीच्या दिशेने दिसेनाशी झाली. दिवसभरात पहिल्यांदाच इंदूबाईचा जीव भांड्यात पडला. राखेने हात घासता घासता तिला वाटलं, माणूस वाईट नाही, घाटाची माहिती नाही, इतकंच. ते दोघे चहाला गेले तेव्हा, त्याने पुसून काढलेल्या तेलाच्या जागी तिने घरातलं गोडंतेल दोन्ही चकत्यांना चोळलं होतं, आतल्या अंगाने, त्याला दिसू नये असं, वाटी रिकामी होईपर्यंत.