मान टाकणारा नवरा

डॉक्टरांकडे जाण्यात बायकोचा दुहेरी फायदा होता. नवऱ्याच्या दुखण्याचं नाव कळणार होतं. शिवाय आपण बोलायला लागलो की हा माणूस मान टाकून का बसतो, हे एका शिकल्यासवरल्या साक्षीदारासमोर त्याला विचारता येणार होतं.

तिच्या पार्लरमध्ये बायका केस कापायला कमी आणि तिची बडबड ऐकायला जास्त यायच्या. हसून हसून मुरकुंडी वळायची त्यांची. घरी मात्र सगळं मुसळ केरात. ती रंगात आली की नवरा भिंतीला टेकून काचांची मापं पुटपुटायचा, नाहीतर खुर्चीत बसून हनुवटी छातीवर टाकायचा. तो काचा बसवणारा कारागीर. ‘यांना माझ्यापेक्षा तावदानं प्यारी,’ असा निकाल तिने कधीच लावून टाकला होता. तोच तिला आतून खात होता.

मग एकदा तो पार्लरमध्ये आरसा बसवत असताना तिने गिऱ्हाइकाला नणंदेची नक्कल करून दाखवली. नवऱ्याचे गुडघे वाकले. आधी आरसा खाली, मागोमाग तो. तेव्हापासून झोपेच्या आणि कसल्या कसल्या तपासण्या झाल्या. आज त्यांचा निकाल होता.

“मेंदूत ओरेक्झिन नावाचं रसायन असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पेशींना ‘जाग्या राहा’ असा निरोप देणारं. यांच्याकडे ते बनवणाऱ्या पेशी फार थोड्या उरल्यात. म्हणून दिवसा झोप येते, आणि जोरात हसू आलं की अंगातलं बळ जातं. शुद्ध असते, ऐकू येतं, फक्त मान आणि पाय साथ सोडतात.”

बायको खुर्चीतच नवऱ्याकडे वळली.

“म्हणून मापं म्हणायचो,” नवरा टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला. “हसू आवरायला.”

“दुसऱ्या कुणाच्या विनोदानं होतं का असं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दुसऱ्यांच्या विनोदाला हसू तर यायला हवं ना!”

बायकोने पदर उगाचच सारखा केला. “मग मला सांगायला काय झालं होतं?”

“तू बोलायची थांबली असतीस.”

गोळ्या लिहून मिळाल्या. शिडी बंद, काच उचलणं बंद, बसून कापायला हरकत नाही. “आणि हसणं चालू ठेवा,” बाईंनी बजावलं.

बाहेर बाकावर दोघं टेकली. औषधाच्या खिडकीपाशी ही गर्दी.  गप्प बसणं बायकोला जमण्यासारखं नव्हतंच.

“इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या पदरी दगड पडलाय,” ती म्हणाली. “निघालं तावदान. जरा टिचकी मारली की खाली!”

नवऱ्याचा जबडा सुटला, मान कलली आणि तो अख्खा तिच्या अंगावर आला.

“अहो, काय झालं यांना? पाणी आणू का?” शेजारचे गृहस्थ धडपडत उठले.

“बसा हो तुम्ही,” ती ऐटीत म्हणाली. “दाद देतायत.”

तिच्या बोलण्याची किंमत आजवर त्याच्या गुडघ्यांनी मोजली होती. आज ती तिच्या खांद्याने मोजली, आणि खांदा जागचा हलला नाही.