सरकारदरबारी गाडी

ओहायोतल्या फिरत्या घरांच्या वसाहतीच्या मालकाने जागा रिकामी करायला सांगितली, तशी लोरेटाबाईंनी मोफत कायदा सल्ल्याचं केंद्र गाठलं.

भाडेकरूंच्या टेबलावरचा वकील म्हणाला, "जागा भाड्याची, पण घर तुमचंच ना? मग तुम्ही भाडेकरू नाही."

स्वतःचं घर असणाऱ्यांच्या टेबलावरची वकीलबाई म्हणाली, "कसलं घर? चाकांवर आणलेलं. सरकारदरबारी ही गाडी आहे. ओढून घेऊन जा."

"म्हणजे इतकी वर्षं मी काय डिकीत झोपत होते? अहो, चाकं कधीच गंजून गेली. ओढलं तर सगळ्याचा खुळखुळा होईल!"

"मग गाडी तिथेच सोडा."

लोरेटाबाई चरफडत, मांजर काखोटीला मारून बहिणीकडे निघून गेल्या.

***

त्याच आठवड्यात मालकाने त्यांच्या दारावर पाटी ठोकली: 'टुमदार घर भाड्याने देणे आहे.'