अठरा झाडं

डबी पुष्पांजलीच्या हातून सुटली आणि मिरचीच्या बुडाशी उपडी झाली. सकाळभर पुरेल एवढा नराचा पराग मातीत गेला. ती बोटांनी गोळा करायला गेली, तर हाती नुसती माती आली.

दुसरबीडच्या त्या शेडनेटमध्ये चौदा बाया मुकाट्यानं काम करत होत्या. मादी झाडाच्या फुलाला नराचा पराग लावायचा, देठाला लाल दोरा बांधायचा, की पुढचं फूल. दोरा असेल त्याच फळाचं बी कंपनीला जातं. पराग कुणी खरा लावला आणि कुणी नुसताच दोरा बांधला, हे बघून कळत नाही. कळतं ते कंपनी बी पेरून पाहते तेव्हा. एक लॉट फेल झाला की कंपनीची गाडी दुसऱ्या गावाला वळणार आणि इथली चाळीस शेडनेटं बसणार.

हे पुष्पांजलीला काय कुणी नव्यानं सांगायला हवं होतं? पण सांगितलं तर आपलं काम आजच सुटेल, ही भीती त्याहून मोठी निघाली. तिनं इकडंतिकडं पाहिलं. मादी झाडांच्या कळ्यांतला पराग आधीच काढून टाकतात; त्यातून नजरेआड राहिलेली काही फुलं उमलली होती, त्यांचाच पराग तिनं डबीत झटकला आणि अठरा झाडं उरकली. आता त्यांचं बी संकरित नाही, साध्या मिरचीचं निघणार होतं. दोरे मात्र तिनं अगदी नीट बांधले. बाई गं, काय करून बसले मी, असं झालं तिला.

तेवढ्यात मालक रंगराव आले. प्रत्येकीच्या ओळीत थांबले, एकदोन फुलं वाकून पाहिली. पुष्पांजलीच्या ओळीत थांबलेच नाहीत. हिचं काम काय पाहायचं, चोखच असणार, म्हणत पुढं गेले.

ते ऐकून तिला राहवलं नाही. दारापाशी पोचलेल्या रंगरावांना तिनं हाक मारली आणि सगळं सांगून टाकलं.

रंगराव ओरडले नाहीत. त्यांनी स्वतः त्या अठरा झाडांवरची दोरे बांधलेली फुलं खुडायला घेतली. खुडता खुडता हात थांबला. हिनं सांगितलं म्हणून कळलं. उरलेल्या तेराजणींचं काय?

त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. अजून कुणाकडून असं झालं असेल तर आत्ताच सांगा, कुणाला काही म्हणणार नाही, असं दोनदा सांगितलं. आवाजातली भीती काही त्यांना लपवता आली नाही.

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. शेवटी सगळ्यांत जुनी रुखमाबाई पदराला हात पुसत पुढं आली.

"रंगराव, मांगच्या साली पूनमनं बी तुले असंच खरं सांगतलं होतं. तू तिले त्याच दिशी घरी धाडलं. आधी तिले कामावर बलाव. मंग आमी एकेक जणी सांगतो."