तुगिमानची नजर

“हा घड पाडा, वहिनी. पडला तर बाग तुमची,” जुम्हाडी म्हणाला.

जुम्हाडी वसाहतीतल्या बागवाल्यांच्या गटाचा प्रमुख. त्याच्यामागे सात-आठ माणसं लवंगी सिगारेटी ओढत उभी होती. पोनिराच्या नवऱ्याचा, तुगिमानचा मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस कालच झाला होता. जावा बेट सोडून सुमात्राच्या या रानात पहिल्यांदा जी घरं आली, त्यांत त्यांचं एक. आता गटाचं म्हणणं असं, की तेलताड उंच वाढलेत, बाईच्या हातून तोडणी व्हायची नाही. तिची दोन हेक्टर बाग गटानं कसावी. तिनं आजवर वेचली तशी खाली गळलेली फळं वेचावीत.

तोडणीत तुगिमानचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकोणीस वर्षांत त्याचा एकही घड तेलगिरणीनं कच्चा म्हणून परत केला नाही. बाजारातून लाल मिरच्या सांगितल्या तर हिरव्या आणायचा, त्यावरून सगळे त्याची टर उडवायचे. पण बागेत त्याची नजर कधी चुकली नाही.

पोनिराच्या हातात त्याचीच विळा बांधलेली लांब काठी होती. तिनं वर पाहिलं. काठी उचललीच नाही. शिडी आणा रे, कोणीतरी म्हणालं. माणसं हसली.

“हा नाही पाडणार,” ती म्हणाली. “काळा आहे अजून. खाली एक तरी फळ गळलंय का?”

जुम्हाडीनं वाकून पाहिलं. गवतात काहीच नव्हतं.

ती चार झाडं पुढे गेली, थांबली आणि काठी उभी केली. पहिला हिसका हुकला. दुसऱ्याला झावळी खाली आली. तिसऱ्याला घड धपकन पडला आणि लालभडक फळं माणसांच्या पायांपर्यंत घरंगळत गेली. हसणं थांबलं.

जुम्हाडीनं एक फळ उचललं, अंगठ्यानं दाबलं. तेल सुटलं.

“बाग तुमची,” तो म्हणाला. “तुगिमाननं चांगलंच शिकवलंय.”

पोनिरानं काठी खांद्यावर टाकली. तो जिवंत असेपर्यंत तिनं हे कोणाला कळू दिलं नव्हतं.

“कुठला तोडायचा ते खालून मी सांगायचे, जुम्हाडीभाऊ. त्यांना लाल रंग जन्मात कधी दिसला नाही.”